नाईक बिराजदारांची मिशी

देवदत्तने पुतळ्यावरचं कापड ओढलं आणि वैजयंतीला हसू फुटलं. आधी नाकातून नुसतं फुस्स झालं. मग तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, मग खांदे गदगदायला लागले, आणि शेवटी ती शेडमधल्या प्लास्टरच्या गोणीवर मटकन बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून थरथरत राहिली.

शिवशरण सरांचा साहजिकच गैरसमज झाला. ते लगबगीने पुढे आले, खिशातला इस्त्रीचा रुमाल त्यांनी तिच्यापुढे धरला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "रडा, ताई. मोकळेपणाने रडा. चार वर्षं फार धीर धरलात तुम्ही."

त्याने तर आणखीच घात झाला. वैजयंतीने रुमाल घेतला आणि तोही तोंडात कोंबला.

मोहोळच्या रस्त्याला, हायवेपासून जरा आत, देवदत्तची ही मूर्तिकामाची शेड होती. तिथे ती आली होती नवऱ्याचा पुतळा पसंत करायला. नाईक श्रीशैल ईरप्पा बिराजदार, सोलापूरच्या भवानी पेठेतला जवान. चार वर्षांपूर्वी काश्मीरात उंचावरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. श्रीशैल त्यातून स्वतः बाहेर पडला, त्याने मागे फिरून दोघांना ओढून काढलं, तिसऱ्याला काढायला परत गेला आणि आलाच नाही. पेठेतल्या मंडळाने चौकात त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. शाळेत श्रीशैलला इतिहास शिकवलेले शिवशरण सर समितीचे अध्यक्ष झाले, आणि परवाच्या रविवारी अनावरण होतं.

पुतळा झकास झाला होता, यात शंका नाही. तेच रुंद कपाळ, तोच जरासा बाहेर आलेला डावा कान. बेरे टोपीचा कलही तसाच. फक्त नाकाखाली एक मिशी होती. आणि मिशी तरी कसली, भरघोस, पिळदार, दोन्ही टोकं गालांवरून वर चढून डोळ्यांची विचारपूस करायला निघालेली.

"काय चुकलं तेवढं सांगा तरी," देवदत्त पडेल आवाजात म्हणाला. त्याने तीन महिने खपून काम केलं होतं आणि त्याच्या लक्षात आलं होतं की हे रडणं नव्हे.

वैजयंतीने डोळे पुसले. "त्यांना मिशी नव्हती."

"म्हणजे काढली होती?" सरांनी विचारलं.

"आलीच नव्हती, सर."

ते अगदी खरं होतं. श्रीशैलच्या ओठावर बाजरीच्या उशिरा पेरलेल्या रानासारखं चार इथे, दोन तिथे, एवढंच उगवायचं. त्याने एरंडेल चोळलं, कांद्याचा रस चोळला, गड्ड्याच्या जत्रेत एका जडीबुटीवाल्याकडून काळी पूड आणून लावली आणि आठवडाभर ओठ सुजवून फिरला. वडिलांची, म्हणजे अप्पांची, मिशी चादरीच्या कारखान्यात प्रसिद्ध होती. ईरप्पा पाळीवर आले की आधी मिशी आत येते आणि मग ईरप्पा, असं लोक म्हणायचे. अशा बापाच्या पोटी असला गुळगुळीत मुलगा.

"पण लग्नात होती की," सर म्हणाले. "मी स्वतः पाहिली."

"ती काजळाची होती," असं वैजयंती म्हणाली आणि पुन्हा गोणीवर वाकली.

आता सरांच्याही मिटलेल्या ओठांची कडा हलायला लागली. पण ते सावरले, कारण ते अध्यक्ष होते. मातीचा नमुना त्यांनीच पास केला होता. मिशी बघून त्यांना वाटलं होतं, बरोबर आहे, पोरगा सैन्यात जाऊन भरला. समितीतल्या बाकीच्यांना वाटलं होतं, सरांनीच लावायला सांगितली असेल, कशाला विचारा.

"माझ्या मनाची नाही हो," देवदत्तने फोन काढला. "फोटोत आहे. हे बघा."

फोटोत खरंच होती. बर्फाच्या भिंतीपुढे श्रीशैल ताठ बसलेला, छाती काढून, आणि तोंडावर तीच मिशी. वैजयंतीचं हसू एकदम थांबलं. हा फोटो तिने कधी पाहिलेला नव्हता. फोटो आला होता वेळापूरहून, बिरुदेवकडून. श्रीशैलने बर्फातून काढलेल्या दोघांतला दुसरा तो. सरांनी त्याच्याकडे पलटणीतला एखादा स्पष्ट फोटो मागितला होता आणि त्याने हा धाडला होता.

तिने सरांकडून नंबर घेऊन तिथूनच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"कोन बोलतंय?" पलीकडे शेळ्यांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"मी वैजयंती. श्रीशैल बिराजदारांच्या घरून."

पलीकडे फक्त शेळ्या. बिरुदेव या चार वर्षांत कधी भेटायला आला नव्हता, त्याचा फोनही कधी आला नव्हता. तिनेही केला नव्हता.

"बिरुदेवभाऊ, त्या फोटोतली मिशी कुठून आली?"

"मिशी," तो म्हणाला. मग फोनमधून आधी नाकातून फुस्स झालं. वैजयंतीने ते ओळखलं. "वहिनी, ती मोबाईलातली हाय. बर्फानं वाट बंद झालती, दुसरं काय करायला न्हवतं. फोटोला टोप्या, चष्मे, मिश्या लावायचं काय तरी असतंय की मोबाईलात, ते घेऊन बसलो समदी. नाईकसायबांनी मिशी निवडायलाच घंटाभर लावला. बारकी न्हाई, मधली न्हाई, सगळ्यात मोठी घेतली. आनि म्हनले, सुट्टीवर गेलो की अप्पांना दाखवतो. अप्पा बघतच राहत्याल."

सर चष्मा पुसत होते.

"दुसरा चांगला फोटो न्हवता माझ्याकडं," बिरुदेव हळू आवाजात म्हणाला. "आनि खरं सांगू का, मला वाटलं, वहिनी वळकतील. मग फोन करतील."

"केला की," वैजयंती म्हणाली. "रविवारी या. आलंच पाहिजे."

आता पुढे काय? देवदत्तने सांगितलं की ग्राइंडरने मिशी उडवता येईल, पण ओठावर वण राहील. सर येरझाऱ्या घालू लागले. पुण्याहून निवृत्त कर्नलसाहेब येणार होते, तेही श्रीशैलच्याच पलटणीचे. मुळात नसलेली मिशी चौकात उभी करायची म्हणजे इतिहासाशी प्रतारणा, आणि इतिहास तर सरांचा विषय.

"मामांना विचारू," वैजयंती म्हणाली. मामा म्हणजे तिचे सासरे ईरप्पा. "ते म्हणतील तसं."

"पण अप्पा घराबाहेर पडतात कुठे? इथवर येणार आहेत?"

"ते येणार नाहीत. म्हणून पुतळाच त्यांच्याकडे न्यायचा."

तसाही पुतळा शहरात जायचाच होता. छोटा हत्ती टेम्पो बोलावला, सहा जणांनी पुतळा चढवला, त्यावर देवदत्तच्या खाटेवरची सोलापुरी चादर घातली आणि दोरीने बांधली. दोरी थोडी कमी पडली. सर ड्रायव्हरशेजारी बसले. वैजयंती मागे पुतळ्यापाशी बसली, कारण तो डुलत होता आणि कुणीतरी धरायला हवं होतं.

केगावच्या पुढे वाऱ्याने चादर फुगली, एकदा शिडासारखी उभी राहिली आणि सुटून गेली ती मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवर जाऊन पसरली. आता नाईक बिराजदार उघडेच, भर दुपारच्या उन्हात, मिशीसकट. वैजयंतीने त्यांच्या गळ्यात हात टाकला. दुसरा इलाजच नव्हता. लग्नानंतर तीन वर्षांत सगळी मिळून जेमतेम पाच महिन्यांची सोबत, आणि त्यातही भररस्त्यात असा गळ्यात हात टाकून ती कधी बसली नव्हती. तिला परत हसू यायला लागलं.

जुन्या पुणे नाक्यावर वाहतूक हवालदाराने टेम्पो अडवायला हात वर केला. मग त्याला पुतळा दिसला, आणि वर गेलेला हात तसाच कपाळाला लागला. त्याने सलाम ठोकला, म्हणून शेजारच्या रिक्षावाल्याने ठोकला, म्हणून एस. टी.च्या खिडकीतल्या बायांनी हात जोडले. लग्नसराईचे दिवस, एक बँडपथक टेम्पोत दाटीवाटीने बसून सिग्नलला उभं होतं. त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याने विचारलं, "मिरवणूक कुणाची?"

"शहीद जवानाची," ड्रायव्हर म्हणाला.

बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणी सुपारी दिलेली नसताना वाजवायला सुरुवात केली. देशभक्तीच्या त्यांना दोनच चाली येत होत्या. शिवाजी चौकापर्यंत त्या दोन्ही दोनदा संपल्या आणि मग त्यांनी वरातीतली गाणी काढली. मागे दुचाक्या लागल्या. कुणीतरी गच्चीवरून फुलं टाकली, ती सरांच्या डोक्यावर पडली. सर सुरुवातीला सीटमध्ये खाली खाली घसरत होते, कारण अनावरणाआधीच सगळ्या शहराने पुतळा पाहिला होता आणि फोटो काढून पुढेही पाठवला होता. पण बाळीवेशीपाशी त्यांचं काहीतरी सुटलं. त्यांनी खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि मुठी वळून भारतमातेचा जयघोष सुरू केला. चाळीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज तो. सगळ्या वेशीने साथ दिली.

मागे वैजयंतीचे केस सुटले होते, पदर वाऱ्यावर होता, आणि ती पुतळ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "बघा काय करून ठेवलंत."

भवानी पेठेत घरापुढे टेम्पो थांबला तेव्हा ईरप्पा कट्ट्यावर बसले होते. चार वर्षांत हा कट्टा आणि आतली खाट, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. झेंडावंदनाला बोलावलं तर सुनेला पाठवायचे. मिशीकडेही लक्ष नव्हतं. ती पांढरी होऊन ओठावरून खाली लोंबायला लागली होती. एवढा गलका बघून ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि टेम्पोपाशी आले. बँड थांबला. ईरप्पांनी हात वर केला, दोघांनी त्यांना ओढून वर घेतलं.

ते पुतळ्यासमोर उभे राहिले.

"ही कुणी लावली?"

"त्यांनीच, मामा," वैजयंतीने सांगितलं. बर्फ, मोबाईल, सगळ्यात मोठी मिशी, सगळं. "सुट्टीवर आलो की अप्पांना दाखवतो म्हणत होते."

"मला?"

"हो."

ईरप्पांनी आपल्या मिशीला हात लावला. मग वीत पसरून धातूच्या मिशीचं माप घेतलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत आपली मोजली. "माझ्यापेक्षा मोठी हाय की रं," ते पुतळ्याला म्हणाले.

आणि त्यांच्या पोटातून एक आवाज आला. वैजयंती घाबरली, तिला वाटलं यांना काही झालं. मग तिला कळलं की ते हसतायत. हसता हसता त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, टेम्पोच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरायला लागले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि खाली सगळी गल्ली आधी अवघडून आणि मग खदखदून हसायला लागली.

"काढायची न्हाई," डोळे पुसून ईरप्पा म्हणाले. "पोरानं हौसेनं लावलीया."

"पण अप्पा," सरांनी खालून धीर करून म्हटलं, "उद्या कुणी म्हणालं, हे खरं नाही..."

"बर्फात परत गेला ते खरं हाय न्हवं, सर?"

"ते तर खरंच."

"मग झालं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरप्पा स्वतःच्या पायांनी न्हाव्याकडे गेले आणि मिशीला पीळ देऊन आले.

रविवारी संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्नलसाहेब उंच, काटकुळे, काठीसारखे सरळ. त्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं. पुतळा सगळ्यांनी मोबाईलवर आधीच पाहिलेला होता, तरी टाळ्या अशा पडल्या की कबुतरं उडाली. कर्नलसाहेबांचा हात सलामीसाठी वर निघाला आणि मध्येच अडला. त्यांनी मिशीकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेकडे पाहिलं. तिथे बिरुदेव बसला होता, मान खाली, खांदे गदगदत. कर्नलसाहेबांच्या गालाची शीर एकदा उडाली, मग हात कपाळाला लागला आणि तिथे राहिला. तो फार वेळ राहिला. हळूहळू चौक गप्प झाला.

मग ते माईकपाशी गेले आणि त्या दिवशी काय झालं ते सांगितलं, जड शब्द न वापरता. श्रीशैल सगळ्यांत आधी बाहेर आला होता. निवाऱ्याला जाता आलं असतं. फावडं नव्हतं म्हणून त्याने जेवणाच्या ताटाने बर्फ उकरला. पहिला निघाला, दुसरा निघाला. वरचा कडा अजून हलतोय हे त्याला दिसत होतं, कारण दुसऱ्याला त्याने तेच सांगितलं आणि खाली पिटाळलं. मग तो वळला. कर्नलसाहेब थांबले. वैजयंती पुतळ्याकडे बघत होती. शेजारी ईरप्पांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता.

"मिशीबद्दल मात्र मला काही माहिती नव्हती," कर्नलसाहेब म्हणाले. "चौकशी बसवावी लागेल."

चौक हसत सुटला. त्या हशातच सरांनी वैजयंतीचं नाव पुकारलं.

या चार वर्षांत ती कितीतरी मंचांवर बसली होती. शाल, नारळ, फोटो. तिच्याजवळ आलं की लोक दवाखान्यात आल्यासारखा आवाज उतरवायचे. तिला कधी कुणी बोलायला सांगितलं नव्हतं आणि तिनेही मागितलं नव्हतं. आज ती उठली आणि तिने लग्नाची मिशी सांगितली. मे महिना, मंगल कार्यालयाचा पत्रा तापलेला, नवरदेवाला घाम. अक्षता पडायला लागल्या तेव्हा मिशी जागेवर होती. माळ घालायला ती पुढे झाली तेव्हा डावी बाजू हनुवटीवर आलेली होती. "मी मान वर करायला तयार नाही. केली तर हसणार. आणि सगळ्या बाया म्हणतायत, पोरगी किती लाजाळू आहे."

लोक वाकून वाकून हसले. आणि तिच्या लक्षात आलं की हसताना ते तिच्याकडे बघत नाहीयेत, त्याच्याकडे बघतायत. जणू तो तिथे उभा राहून ओशाळा होतोय.

मग बिरुदेव उठला. कुणी पुकारलं नव्हतं. पायाची बोटं बर्फाने नेलेली, त्यामुळे चालताना तो एका बाजूला झुकायचा. माईक त्याने दोन्ही हातांनी धरला.

"मी यायला पायजे होतं, वहिनी. चार वर्सं धीर झाला न्हाई. नाईकसायेब शेवटचं काय बोलले ते पुरं मलाच म्हाईत. आनि ते तुमाला सांगायचं कसं, हेच उमगंना. वीर मानूस शेवटाला काय तरी मोठं बोलतो, असं समद्यांस्नी वाटतंय."

"सांगा," वैजयंती म्हणाली.

"मला काखेत धरून वडत होते. दम लागलेला. बाहेर काढून टाकलं, नि म्हनले," बिरुदेवचा आवाज चिरकला, "म्हनले, बिऱ्या, लई जड झालाईस, जेवान कमी कर. आनि वर कडा हलतुया, पळ खाली. नि गेले."

वैजयंतीला तो आवाज ऐकू आला, अगदी तसाच, धापा टाकणारा, चेष्टेखोर. ती रडली असती. पण हसूच आधी आलं आणि रडू त्याच्या मागोमाग, आणि मग दोन्ही एकत्र. तिने बिरुदेवच्या पाठीवर थाप मारली. "मग केलंत का कमी?"

"न्हाई, वहिनी."

"बरं केलंत. आज आमच्याकडेच जेवायचं."

ईरप्पा उठले, बिरुदेवला त्यांनी छातीशी धरलं आणि कन्नडात काहीतरी पुटपुटले. बिरुदेवला कन्नड येत नव्हतं, तरी तो मान हलवत राहिला.

सरांनी आभारप्रदर्शनाला सुरुवात केली खरी. पण परवाचे बँडवाले आज न बोलावता आले होते, शिवाय पेठेतले हलगीवाले होतेच, आणि त्यांच्यात कुणाचा आवाज मोठा अशी चढाओढ लागली. पुतळ्यापुढे रिंगण झालं. कर्नलसाहेब टाळ्यांनी ठेका धरू लागले. ईरप्पांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या, रिंगणात शिरले आणि सुनेच्या दिशेने हात केला.

"चल की."

"मामा, लोक आहेत."

"त्यांनाबी घे."

तिने पदर कमरेला खोचला. पहिली दोन पावलं चुकली, तिसरं हलगीवर पडलं. बायांनी तिला मध्ये घेतलं. बिरुदेव झुकत झुकत एका पायावर नाचत होता. डोक्यावरचे दिवे, माणसं, पिळदार मिश्या, सगळं गरगर फिरत होतं, आणि मंचावर एकटे शिवशरण सर मंडप कॉन्ट्रॅक्टरपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन आभार मानत होते. माईक केव्हाच बंद पडला होता, त्यांना पत्ता नव्हता, आणि त्यांचा एक पाय आपोआप ठेका धरत होता.